अजून एक ओव्हर

माझी चुलत बहीण सातवी पास होऊन वरकुट्याहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा आमच्या घरातला व्हिडिओ गेम दोन महिन्यांचा होता. तो माझा होता. आठवीत पहिली आले म्हणून पप्पांनी पुण्याहून आणला होता. खेळून झालं की मी वायर गुंडाळायचे, रिमोट पुसायचे आणि सगळ्यावर रुमाल टाकायचे. माझ्या सगळ्याच वस्तू मी अशा ठेवायचे. कुणी हात लावला तर मला कळायचं, पण बोलायचे नाही.

आम्ही बारामतीत, जळोचीला राहायचो. पप्पा एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पप्पांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे तात्या म्हणत, वरकुट्याला शेती बघायचे. तिथली शाळा सातवीपर्यंतच. पुढे पोरीला रोज लांब चालत पाठवायला तात्या तयार नव्हते, म्हणून पप्पांनीच तिला बारामतीला मागून घेतलं. तिची पत्र्याची पेटी आमच्या दारात ठेवताना तात्या उभ्यानेच पप्पांना म्हणाले, "आबा, तुमच्या शब्दावर सोडतोय. पण एका जरी विषयात गचकली तरी परत नेणार. रानात माणूस कमीच हाय."

"नाही गचकायची," पप्पा म्हणाले. तिच्याकडे न बघताच म्हणाले, इतकी खात्री. माझ्याबद्दल त्यांनी असं कधी कुणाला सांगितलेलं मला आठवत नाही. माझ्याबाबतीत गरज पडली नसेल, असं आता वाटतं. तेव्हा तसं वाटलं नाही.

ती माझ्याहून वर्षाने लहान होती. मी नववीत, इंग्रजी शाळेत, सकाळची. ती आठवीत, मुलींच्या मराठी शाळेत, दुपारी बाराची. पहिला आठवडा ती मी खेळताना मागे उभी राहून नुसती बघायची, वेणीचं टोक दातात धरून. मला ते आवडायचं नाही आणि आवडायचंही. शेवटी आई म्हणाली, तिलाही दे की जरा. मी तिच्या हातात दुसरा रिमोट दिला. तो खेळ एकट्याचा होता. पाठीला पिशवी बांधलेला एक छोटा माणूस पळत सुटायचा, वाटेत खड्डे, काटे, चोच मारणारे पक्षी. दुसऱ्या रिमोटचं त्यात काहीच चालत नसे. तिला मी ते सांगितलं नाही. अंगणातल्या खेळात लहान पोराला कच्चं लिंबू म्हणून घेतात, तो पळतो, ओरडतो, पण त्याचं काही धरत नाहीत, तसं मी तिला ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "ताई, ह्यो रिमोट मेलेला हाय."

पप्पा पेपरमागून हसले. मला खरा रिमोट द्यावा लागला.

तिचा माणूस पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडला आणि तिन्ही जीव संपले. पडद्यावर मोठी अक्षरं आली. तिने ती एकेक करून वाचली. "गेम. ओव्हर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही ओव्हर झाली. आता पुढची कवा?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की तिच्यासाठी ओव्हर म्हणजे क्रिकेटची. सहा चेंडू झाले, बाजू बदलायची, पुढची ओव्हर. वरकुट्यात पोरांबरोबर ती खेळायची म्हणे, रबरी चेंडूने.

"ओव्हर म्हणजे संपलं," मी म्हणाले. "गेम संपला. इंग्लिशमध्ये तसा अर्थ होतो."

"संपला कुठं? चालूच हाय की," ती म्हणाली आणि स्टार्टचं बटण दाबलं. माणूस पुन्हा पळायला लागला.

पप्पांनी पेपर मांडीवर ठेवला आणि ते इतके हसले की आई आतून बघायला आली. "हिच्याच हिशेबानं चालू दे," ते मला म्हणाले. "सारखं काय संपलं संपलं."

पप्पा हसणारे गृहस्थ नव्हते. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना ते 'छान' म्हणायचे आणि पेनाला टोपण लावायचे. त्या दिवसापासून घरात तो शब्दच रुळला. आई जेवायला हाक मारायची तर आतून आवाज यायचा, "काकू, एवढी ओव्हर झाली की आले!" पप्पा कारखान्यातून आल्या आल्या विचारायचे, "किती ओव्हर टाकल्या आज?" खेळायची परवानगीसुद्धा ओव्हरमध्ये मिळायला लागली. आई म्हणायची, दोघींनी दोन-दोन ओव्हर खेळा आणि अभ्यासाला बसा.

माझ्या दोन ओव्हर पाच मिनिटांत व्हायच्या. सुरुवातीला तिच्याही. पण ती शिकत गेली. कुठला पक्षी कधी खाली येतो, कुठल्या खड्ड्याच्या आधी किती पावलं घ्यायची, हे तिच्या बोटांत बसलं. श्रावण लागेपर्यंत तिची एक ओव्हर पाऊण तास चालायला लागली. गणपतीत दोन तास. तीन जीव संपतच नसत, उलट वाढत. आणि ओव्हर तर एकच चालू असे, त्यामुळे तिला कुणी काही बोलू शकत नसे. आईला या गणितातली गोम कळली नव्हती. मला पहिल्या महिन्यातच कळली होती.

संध्याकाळी पप्पा खुर्ची टीव्हीजवळ ओढून घ्यायचे. त्यांना खेळातलं काही कळत नसे, ते तिच्याकडे बघायचे. एकदा आईला म्हणाले, "आमच्या आजोबांकडे दोनशे मेंढरं होती. कळप वाड्यात शिरला की एक कमी असलं तरी त्यांना न मोजता कळायचं. हिची नजर तिकडची आलीय." मला पाचवीपासून चष्मा होता. मी तो काढून पुसला आणि पुन्हा लावला. त्या वाक्यात माझा उल्लेख नव्हता, तरी मी ते वाक्य अजून विसरलेले नाही.

शिवाय त्या दोघांना दूध होतं. मी त्यांना पप्पा म्हणायचे, ती गावाकडच्यांसारखं आबा म्हणायची, आणि आबा म्हटलं की ते लगेच वळायचे. "आबा, आमच्या म्हशीची फॅट सात लागती, मग डेरीवाला साडेसहाच का लिहितो?" असा प्रश्न ती जेवताना विचारायची आणि पप्पा हातातला घास तसाच धरून तिला फॅट कशी काढतात ते सांगायचे. एका रविवारी त्यांनी तिला कारखान्यातली प्रयोगशाळा दाखवून आणली. परत आल्यावर ती मला म्हणाली, "पांढरा कोट घालायचा आन् नळ्यांत दूध बघायचं. मी तेच करणार बघ, ताई. त्यासाठी शाळा करायची." मला कधी कुणी प्रयोगशाळेत नेलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं, ही गोष्ट मी स्वतःला सांगायचे टाळत होते.

सप्टेंबरात चाचणीचे पेपर मिळाले. गणितात आणि इंग्रजीत लाल रेघ. आईने त्याच संध्याकाळी गेमचा अडॅप्टर काढून लोखंडी कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. तिला समोर बसवून सांगितलं, "सहामाहीत असं झालं तर तात्या नेतील. मग मला काही बोलता येणार नाही. कळतंय का?"

"व्हय काकू." ती खरंच घाबरली होती. चार दिवस तिने पुस्तकातून मान वर केली नाही. पण पाचव्या दिवशी मी बघितलं, ती बंद टीव्हीसमोर बसली होती आणि काळ्या काचेकडे बघत होती. मी आल्याचं तिला कळलं नाही.

कपाटाची चावी आई देव्हाऱ्याखालच्या खणात, कापराच्या डबीत ठेवायची. हे फक्त मला माहीत होतं. "तुझ्यावर विश्वास आहे म्हणून," असं आई म्हणाली होती.

पुढच्या आठवड्यात आई प्रशिक्षणासाठी इंदापूरला गेली, तिला यायला उशीर होणार होता. तिन्हीसांजेला माझी बहीण माझ्याजवळ आली. "ताई, चावी कुठं ठिवली काकूंनी? तुला ठाव आसंल."

"मला काय माहीत?"

"एकच ओव्हर. शपत."

मी वहीतून डोकं वर केलं नाही. मग मी म्हणाले, "आई नाहीये, दिवा तूच लाव आज. आणि आरती म्हण. कापूर खालच्या खणात आहे, डबीत."

आमच्याकडे रोज नुसता दिवा लागायचा. कापूर सणावाराला. हे तिलाही माहीत होतं. मी आतल्या खोलीत बसून ऐकत राहिले. खण उघडला. डबीचं झाकण उघडलं. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग तिने आरती म्हटली, पूर्ण, एकही कडवं न गाळता.

ती नापास व्हावी असं मी मनात शब्दांत म्हटलं नव्हतं. ती परत गेली तर पप्पांची खुर्ची पुन्हा खिडकीशी, जागच्या जागी जाईल, एवढंच वाटलं होतं. पण तिचं जाणं कशावर ठरलंय ते मला माहीत होतं. तेव्हा शब्दांत म्हटलं नव्हतं याला काही अर्थ नाही.

त्यानंतर मी दीड वाजता शाळेतून यायचे तेव्हा तिच्या चपला दारात असायच्या. सुरुवातीला ती "पोटात दुखतंय," म्हणाली, "तास न्हाय," म्हणाली. मग कारणं द्यायचीही थांबली. तिचा डबा भरलेला, तसाच. वीज गेली की ती रडायची, आवाज न करता, कारण त्या यंत्रात काही साठत नसे. वीज गेली की पाचव्या स्टेजवरचा माणूस गेला, पुन्हा पहिल्यापासून. आंघोळ करताना ती त्या खेळातली धून गुणगुणायची. साडेचारला, आई यायच्या आधी, अडॅप्टर कपाटात, चावी डबीत. ती आत गेली की मी कपाटाशी जाऊन बघायचे. अडॅप्टर गरम असायचा. माझा गेम होता, आणि कित्येक दिवसांत मी त्याला हात लावला नव्हता. तिला बघणंच मला पुरत होतं.

सहामाहीत माझे पेपर सकाळी असायचे. बाराला तिचा विज्ञानाचा पेपर होता त्या दिवशी मी सव्वाअकराला घरी आले. चपला दारात. ती टीव्हीसमोर, युनिफॉर्म घातलेला, दप्तर पाठीला अडकवलेलं, वेण्या घातलेल्या. निघता निघता बसली असणार. सातवी स्टेज चालू होती. तिथवर ती त्याआधी कधी गेली नव्हती. लांबच लांब मोडका पूल, मधल्या फळ्या गळून पडायच्या. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी आत आले हेही तिला कळलं नव्हतं.

तिची शाळा सायकलवरून वीस मिनिटांवर होती. मी आतल्या खोलीत गेले, युनिफॉर्म बदलला. घड्याळात साडेअकरा. दारातून एक हाक मारायची होती. मी ताट वाढून घेतलं. बाराला वीस मिनिटं कमी. आमटी गार होती, तशीच खाल्ली. पावणेबारा. बाहेर माणूस उड्या मारत होता, तो टुणटुण आवाज येत होता. बारा वाजले तेव्हा मी ताट घासत होते. नळ बारीक सोडला होता, आवाज होऊ नये म्हणून.

सव्वाबाराला बाहेर शांत झालं. तिचा माणूस पुलावरून पडला होता. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा झोपेतून उठल्यासारखा. घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, तू कवा आलीस?"

"आत्ताच," मी म्हणाले.

ती सायकल घेऊन पळाली. पोचेपर्यंत अर्धा तास उलटून गेला होता, तिला वर्गात घेतलं नाही.

दिवाळीनंतर शाळेतून चिठ्ठी आली. विज्ञानात गैरहजर, आणखी दोन विषयांत नापास, आणि गैरहजेरीचे दिवस लिहिलेले. तात्या मोटरसायकलवर आले. चहा घेतला नाही. आईने सगळ्यांसमोर विचारलं, "कपाटाची चावी तुला कुणी दिली?"

"कुणी न्हाय, काकू. दिवा लावताना सापडली." तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीही जमिनीकडे बघत होते. पत्र्याची पेटी मोटरसायकलला मागे दोरीने बांधली, ती मध्ये बसली, आणि पप्पा फाटकापाशी उभे राहिले ते मोटरसायकल वळणापलीकडे गेल्यावरही उभेच होते.

मला पाहिजे ते मिळालं. अडॅप्टर कपाटाबाहेर आला, कारण माझ्याबद्दल कुणाला काळजी नव्हती. संध्याकाळी मी खेळायला बसायचे. पप्पांची खुर्ची खिडकीशीच राहिली. एकदा त्यांनी पेपरमधून न बघता विचारलं, "कितवी स्टेज?"

"तिसरी."

"हं."

त्या 'हं'नंतर दोन दिवसांनी मी त्यांना कापराचं सांगितलं. पश्चात्ताप झाला म्हणून, असं लिहायला मला आवडेल. खरं तर, हे सांगितलं तर निदान ते माझ्याशी बोलतील, रागावतील, असं मला वाटलं होतं. पावणेबाराचं सांगितलं नाही. ते मी कुणालाच सांगितलं नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

पप्पा रागावले नाहीत. "मला कशाला सांगतेस?" म्हणाले. "तात्याला सांग."

रविवारी आम्ही स्कूटरवरून वरकुट्याला गेलो. तात्या पडवीत बसले होते. मी उभी राहून सांगितलं, शाळेत कविता म्हणतात तशी, हात मागे बांधून. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, चावी तू दावलीस," ते म्हणाले. "बटणं कुणी दाबली? हिनंच ना?" मग पप्पांकडे वळले. "तुमचा दोष न्हाय, आबा. तुमी दोघंबी नोकरीवर. जूनला पुन्हा आठवीत घालतो तिला. शिकायचं म्हणतीया, शिकू दे. पण बोर्डिंगात ठिवणार. तितं टीव्ही न्हाय. तवर हितंच राहू द्या, डोस्क्यातनं ते खूळ जाऊ दे."

म्हणजे तिची शाळा वाचली होती. पप्पांनी मान हलवली. मला म्हणाले, जा, भेटून ये.

ती मागच्या अंगणात पोत्यावर बसून मक्याची कणसं सोलत होती. अंगठ्याने दाणे काढून सुपात टाकत होती. पंधरा-वीस दिवसांत ती काळवंडली होती, आणि मला वाटलं होतं त्याहून बरी दिसत होती.

"कापराचं सांगायला आलीस व्हय?" तिने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"न माहीत व्हायला काय? आमच्या घरात रोज कोण कापूर लावतंय?" आमच्या घरात, असं ती म्हणाली, म्हणजे जळोचीच्या.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? मला चावी पायजेच व्हती की." तिने नवीन कणीस घेतलं. "ऱ्हाऊ दे ते. तू कितवीपातूर गेलीस?"

मी तिसरीच्या पुढे गेले नव्हते. तोंडात आलं, "आठवी."

तिचे अंगठे थांबले. "आठवी? आन् तो पूल?"

"ओलांडला."

"कसा?"

"शेवटच्या फळीवर थांबायचं नाही. कडेला गेल्यावर दोनदा उडी."

"दोनदा बसत न्हाय तितं. मी करून बघितलंय."

"बसते."

ती बघतच राहिली माझ्याकडे. ते बघणं मी लगेच ओळखलं, कारण पाच महिने मी तिच्या पाठीकडे तशीच बघत आले होते. माझ्या आत काहीतरी सुखाने पसरलं. इतकं साधं होतं ते, आणि इतकं गोड, की मला थांबता आलं नाही.

"आठवीत काय हाय?"

"पाणी," मी म्हणाले. "सगळीकडे. आणि पाण्यावर होड्या, पण रिकाम्या. एकीवरून दुसरीवर जायचं."

तिने डोळे मिटले. अंगठे पुन्हा हलायला लागले, पण कणीस मांडीवरून घरंगळून खाली पडलं होतं आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. खूळ जावं म्हणून तात्यांनी तिला इथे ठेवली होती, आणि मी तिला नवीन स्टेज बांधून देत होते. पुढून पप्पांनी हाक मारली. मी उठले नाही.

"पक्षी हायत?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"हायत," मी म्हणाले. "पण ते पाण्याखालून येतात."